घण, हंडा आणि मदनमहालची शिळा

जबलपूरच्या मदनमहाल टेकडीवर ग्रॅनाइटचा एक प्रचंड गोटा दुसऱ्या खडकावर अगदी थोड्या जागी टेकून उभा आहे. लोक त्यास संतुलित शिला म्हणतात. ती पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा की, ही पडत कशी नाही? २०१७ साली निघालेल्या ‘गेटिंग ओव्हर इट’ या संगणकीय खेळात नेमका उलट प्रश्न पडतो. तेथे एक मनुष्य डोंगर चढत असतो, आणि हा पडल्यावाचून राहील तरी कसा, असे वाटत राहते.

या मनुष्याचे नाव डायोजिनिस. त्या नावाचा ग्रीक तत्त्वज्ञ एका मोठ्या रांजणात राहत असे, अशी आख्यायिका आहे. खेळातील डायोजिनिस कमरेपर्यंत धातूच्या हंड्यात रुतलेला आहे. पाय निरुपयोगी, हातात लांब दांड्याचा घण. खेळणाऱ्याने माउस हलविला की घण हलतो, दुसरे काहीच हलविता येत नाही. खेळाचे कर्ते बेनेट फॉडी हे मूळचे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. त्यांच्या २००८ सालच्या ‘क्वॉप’ या खेळात धावपटूच्या मांड्या दोन कळांनी व पोटऱ्या दुसऱ्या दोन कळांनी हलवाव्या लागत, आणि बहुतेक धावपटू दोनचार पावलांतच आडवे होत. घणाची कल्पना मात्र त्यांची नव्हे. ती २००२ सालच्या एका चेक खेळावरून घेतल्याचे ते प्रांजळपणे सांगतात.

इतर खेळांत कळ दाबली की पात्र उडी मारते, व प्रत्येक उडी सारखीच असते. येथे उडी अशी वस्तूच नाही. घण खडकाच्या कडेवर टेकला की ती कड टेकू होते आणि दांडा तरफ होतो. खेळणारा घण खाली रेटतो. खडक जागचा हलत नाही. म्हणून न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे उलट रेटा बसून मनुष्यच वर जातो. घण कडेवर टिकतो तो घर्षणामुळे. घर्षणांक ०.६ असेल, तर सुमारे ३१ अंशांपर्यंतच्या उतारावर वस्तू ठरते. त्याहून उभ्या उतारावर घसरते. संगणक हा सारा हिशेब काळाचे बारीक तुकडे पाडून करतो. सामान्यतः सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा साठाव्या भागागणिक प्रत्येक वस्तूवरील बल, तिचा वेग आणि तिचे स्थान नव्याने काढले जाते. हात किंचित वेगळा हलला की उत्तरही वेगळे येते.

मग हे इतके अवघड का? खरा गिर्यारोहक केवळ डोळ्यांनी चढत नाही. त्याच्या स्नायूंतून व सांध्यांतून मेंदूस सतत वार्ता जात असते. बोट निसटू लागल्याचे त्यास दिसण्यापूर्वीच कळते. खेळणाऱ्यास ही वार्ता मिळत नाही, त्याला केवळ दिसते. पाहून हात हलविण्यास मनुष्यास सुमारे ०.२ सेकंद लागतात, आणि खऱ्या सृष्टीत तेवढ्या अवधीत सुटलेली वस्तू जवळजवळ २० सेंटिमीटर खाली गेलेली असते. पूर्ण सेकंदात ४.९ मीटर. घाबरून दिलेला झटका उशिरा पोचतो व गरजेपेक्षा मोठा असतो. त्यातून खेळात मधले मुक्काम नाहीत. तासभर चढलेली उंची एका चुकीने जाते आणि पुन्हा पायथ्यापासून आरंभ करावा लागतो. ही क्रूरता वाटेल, पण डोंगराचा स्वभाव याहून वेगळा नाही.

आता मदनमहालची शिळा पाहू. ती चढून वर गेलेली नाही. ग्रॅनाइटच्या भेगांत पाणी मुरते, त्यातील फेल्स्पार हे खनिज कुजून माती होते. खडकाच्या कोपऱ्यावर तीन बाजूंनी, कडेवर दोन बाजूंनी व सपाट पृष्ठावर एकाच बाजूने हा मारा होतो. म्हणून कोपरे आधी झिजतात व ठोकळ्याचा गोटा होतो. भोवतालची माती वाहून गेली, गोटा राहिला. त्याच्या गुरुत्वमध्यातून काढलेली लंबरेषा टेकलेल्या जागेतून जाते, एवढ्यावर त्याचे उभे राहणे अवलंबून आहे.

२२ मे १९९७ रोजी पहाटे जबलपुरास ५.८ महत्तेचा भूकंप झाला. घरे कोसळली, माणसे दगावली. शिळा मात्र उभी राहिली. यात चमत्कार नाही. शिळा उलथण्यास गुरुत्वमध्य आधाराच्या कडेबाहेर जावा लागतो, व त्यासाठी धक्का एकाच दिशेने पुरेसा वेळ टिकावा लागतो. भूकंपात जमीन सेकंदात अनेकदा दिशा पालटते. शिळा डोलू लागते न लागते तोच धक्का उलटतो. विटामातीच्या भिंतीचे तसे नसते. ती अखंड नसून सुट्या तुकड्यांची असते, आणि प्रत्येक हेलकाव्याने तिचे सांधे उकलत जातात.

अमेरिकेतील भूकंपशास्त्रज्ञ जेम्स ब्रून यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात अशा शिळांकडे साक्षीदार म्हणून पाहिले. एखादी शिळा हजारो वर्षे तशीच उभी असेल, तर तिला पाडण्याइतका हादरा तेवढ्या काळात तेथे बसलेला नाही. त्यासाठी शिळा किती बलाने उलथेल हे काढावे लागते, आणि ती भोवतालच्या मातीतून केव्हा मोकळी झाली हेही ठरवावे लागते.