पोटदुखीचं लेकरू आणि कॉम्प्युटरचा सल्ला

"लेकराचं पोट दुखून राह्यलं," एवढं एकच वाक्य घेऊन आईबाप अमरावतीच्या इर्विन किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात येतात. त्यामागे साधे गॅस असतील किंवा फुटायला आलेलं अपेंडिक्स. अशा निदानात कॉम्प्युटरची मदत होते म्हटलं, की कुणाला वाटतं आता डॉक्टरची गरज संपली, तर कुणाला ही मोठ्या शहरांची चैन वाटते. दोन्ही समज चुकीचे आहेत.

मुळात हे तंत्र नवं नाही. इंग्लंडमधल्या लीड्स इथे डॉ. डी डोम्बल यांनी 1972 मध्ये 304 रुग्णांवर अशी प्रणाली तपासली. तिचं निदान 91.8 टक्के वेळा बरोबर आलं, तर ज्येष्ठ डॉक्टरांचं 79.6 टक्के. पण तेवढ्यावरून यंत्र डॉक्टरपेक्षा हुशार ठरत नाही, कारण पोट तपासून माहिती भरणारी माणसंच होती. पुढे 1986 मध्ये अशा प्रणालीचा 8 केंद्रांतल्या 16,737 रुग्णांवरचा अभ्यास आला. त्यात पहिल्या निदानाची अचूकता 45.6 वरून 65.3 टक्क्यांवर गेली आणि पोट विनाकारण उघडण्याचं प्रमाण जवळपास निम्मं झालं. हे आकडे खास मुलांचे नाहीत. तरी मला त्यात मोलाचं वाटतं ते हे, की ठरावीक प्रश्नांचा फॉर्म समोर असला, तर मध्यरात्री थकलेल्या तरुण डॉक्टरकडूनही एखादा प्रश्न विचारायचा राहत नाही.

महागड्या यंत्राचीही गरज नाही. डॉ. मदन सॅम्युएल यांनी 2002 मध्ये मांडलेली मुलांच्या अपेंडिक्सची गुणपद्धत कागदावरही चालते. खोकताना किंवा उडी मारताना पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला कळ आली तर 2 गुण, तिथे दाबल्यावर दुखलं तर 2. भूक जाणं, ताप, मळमळ किंवा उलटी, दुखणं सरकत उजवीकडे येणं, रक्तात पांढऱ्या पेशी वाढणं आणि त्यातल्या न्यूट्रोफिल वाढणं यांना प्रत्येकी 1. एकूण 10. रक्ताची साधी तपासणी होते तिथे हे जमतं, धारणीलाही.

मात्र गुण कमी आले म्हणजे धोका टळला असं नाही. दुखणं नुकतंच सुरू झालेलं असेल तर काही तासांनी पुन्हा तपासावं लागतं. शिवाय ही पद्धत 4 ते 15 वर्षांच्या मुलांवर बेतलेली आहे. त्याहून लहान मुलांत अपेंडिक्सचा आजार कमी दिसतो, पण कळेपर्यंत ते बरेचदा फुटलेलं असतं.

"कॉम्प्युटरला सगळं ठाऊक असतं" हा समज मला सर्वांत घातक वाटतो. लीड्सची प्रणाली कोपनहेगनच्या रुग्णांवर वापरली तेव्हा तिची अचूकता घसरली. मग वऱ्हाडाचं काय? इथे सिकलसेलच्या मुलाचं पोट त्या आजाराच्या झटक्यातही असह्य दुखतं. जमिनीवर झोपलेल्या मुलाला रात्री मण्यार साप चावला, तर जखम दिसतही नाही आणि पहिली तक्रार पोटदुखीची असू शकते. पापण्या जड होणं नंतर येतं. मुलग्यांत अंडकोषाला पीळ पडला तरी ते पोटच दाखवतात, आणि तिथे हातात जेमतेम सहा तास असतात. हे प्रश्न यादीत नसतील तर यंत्र ते विचारणार नाही. म्हणून इथे वापरायची प्रणाली इथल्या रुग्णांच्या नोंदींवर तपासली गेलीच पाहिजे.

घातक समज फक्त कॉम्प्युटरबद्दलच नाहीत. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला अजूनही डंबा, म्हणजे पोटावर चटके, देतात. फेब्रुवारी 2025 मध्ये अवघ्या 22 दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे 65 चटके दिले गेल्याचं उघड झालं. चटक्याने पोटातलं काहीही बरं होत नाही. उलट जखम होते, संसर्गाचा धोका वाढतो आणि उपचाराचा वेळ जातो.

वेदनाशामक दिलं तर निदान झाकलं जातं, हाही समज जुनाच. डॉक्टरांनी योग्य मात्रेत दिलेल्या औषधाने निदान चुकत नाही, आणि कळ कमी झालेलं मूल पोट नीट तपासू देतं. घरी मात्र जुलाबाचं औषध देऊ नये. हिरवी उलटी, शौचात रक्त किंवा लाकडासारखं कडक पोट दिसलं, तर कुठलेही गुण मोजत न बसता रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करावा.