चौदा गावे, दोन मतदारयाद्या

चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, माणिकगडच्या डोंगररांगांत वसलेली परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर, येसापूर आदी चौदा गावे महाराष्ट्राच्या दफ्तरी जिवती तालुक्यात, राजुरा विधानसभा व चंद्रपूर लोकसभा मतदारसंघांत मोडतात. आणि हीच गावे तेलंगणाच्या दफ्तरी केरामेरी मंडलात, आसिफाबाद विधानसभा व आदिलाबाद लोकसभा मतदारसंघांत दाखल आहेत. वस्ती एकच, पण सरपंच दोन, शाळा एक मराठी आणि एक तेलुगू, आणि पुष्कळांच्या घरी शिधापत्रिका व मतदार ओळखपत्रेही दोन्ही राज्यांची. महाराजगुड्यात तर सीमारेषा एका नांदत्या घरातून जाते, आणि त्या घराचा कर दोन्हीकडे भरला जातो.

या गुंत्याचे मूळ निजामी अमलात आहे. आजचा जिवती तालुका ज्यातून निघाला तो राजुरा तालुका हैदराबाद संस्थानच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा तो किनवटबरोबर नांदेड जिल्ह्यास जोडला जाऊन द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व १९५९ मध्ये चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्याकडे वर्ग झाला. कायद्याच्या एका कलमाने तालुका इकडचा तिकडे होतो. परंतु दाट रानातल्या विखुरलेल्या गुड्यांची शीव जमिनीवर कायम करण्याचे काम मागेच राहिले. आंध्र प्रदेशाने या गावांवर हक्क सांगितला, वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९७ साली महाराष्ट्राच्या बाजूने मिटला. तरीही शेजारचा अंमल उठला नाही, आणि २०१४ मध्ये तेलंगण राज्य जन्मास आले तेव्हा तो वारशाने त्याच्याकडे गेला.

या दुहेरी अमलाचा सर्वांत विलक्षण परिणाम मनुष्याच्या सामाजिक ओळखीवर झालेला दिसतो. येथील बंजारा कुटुंब महाराष्ट्राच्या दाखल्यावर विमुक्त जातीत गणले जाते, तर तेलंगणाच्या दाखल्यावर तेच लंबाडा म्हणून अनुसूचित जमातीत. उमेदवारीच्या हक्काचेही तसेच: आसिफाबाद व आदिलाबाद हे दोन्ही मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव, तर राजुरा व चंद्रपूर सर्वसाधारण, म्हणजे मराठवाड्यातून दुष्काळाच्या दिवसांत इकडे येऊन स्थिरावलेल्या बिगर-आदिवासी शेतकऱ्यास एका विधानसभेचे दार उघडे आणि दुसरीचे बंद.

दोन याद्यांत नाव ठेवणे बेकायदेशीर आहे, हे येथे स्पष्ट लिहिले पाहिजे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यान्वये कोणासही एकाहून अधिक मतदारसंघांत नाव नोंदविता येत नाही. आणि १९५१ च्या कायद्यान्वये एकाच सार्वत्रिक निवडणुकीत दोन मतदारसंघांत मत दिल्यास ती दोन्ही मते रद्दबातल ठरतात. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत दोन्हीकडे ११ एप्रिलला मतदान होते, त्यामुळे मतदारास एक केंद्र निवडणे भाग पडले. २०२४ मध्ये मात्र चंद्रपूरचे मतदान १९ एप्रिलला आणि आदिलाबादचे १३ मे रोजी झाले. या दुहेरी नोंदीचा दोष ग्रामस्थाच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. दोन सरकारांचे कर्मचारी त्याच्याच ओसरीवर येऊन नावे लिहून नेतात, आणि यादीतून नाव गेले तर धान्य, निवृत्तिवेतन, घरकुल यांतले काहीतरी जाईल या भीतीने तो दोन्ही कागद जपून ठेवतो.

ही भीती निराधार नाही, कारण ज्या एका कागदाची त्याला खरी गरज आहे तो कोणीच देत नाही. कसत्या जमिनीचा सातबारा अनेकांकडे नाही, कारण ती जमीन वनखात्याच्या नावे आहे. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही. २००६ चा वनहक्क कायदा येथील गोंड व कोलामांना आधार देतो. परंतु बिगर-आदिवासी दावेदारास १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो, आणि साठ-सत्तरच्या दशकांत आलेल्या कुटुंबास तो पुरावा आणता येणे अशक्यच. याच केरामेरी मंडलातील जोडेघाट येथे जल, जंगल आणि जमीन यांच्या हक्कासाठी निजामाशी लढताना १९४० मध्ये कुमराम भीम धारातीर्थी पडला, आणि २०१६ पासून शेजारचा जिल्हा त्याचेच नाव मिरवितो. दोन्ही राज्यांच्या महसूल व वन खात्यांनी एकत्र बसून शिवारवार मोजणी करावी, जो कसतो त्याचे नाव जमिनीस लावावे आणि मगच मतदारयादीतील दुसरे नाव खोडावे, हाच क्रम मला न्याय्य वाटतो. आधी नाव खोडून जमिनीचा प्रश्न तसाच ठेवला, तर या माणसांची सरकारदरबारी उरलेली अर्धी दादही जाईल.