कुत्र्याच्या गळ्यांतील ठावठिकाण्याचा पट्टा

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर पीक येतें, विहीर येते, फळझाडें येतात. परंतु रात्रभर जागून त्या सर्वांची राखण करणाऱ्या कुत्र्याची नोंद त्यांत कोठेंच होत नाहीं. तरीहि ज्या वस्तीवरील कुत्रा एके सकाळीं नाहींसा होतो, त्या वस्तीच्या धन्यास आपलें काय गेलें हें निराळें सांगावें लागत नाहीं. अशा कुत्र्याचा शोध लागावा म्हणून उपग्रहांच्या साह्यानें ठिकाण सांगणारा, ‘जीपीएस’ ह्या नांवानें ओळखला जाणारा गळपट्टा हल्लीं बाजारांत मिळूं लागला आहे. तो घ्यावा कीं न घ्यावा, आणि घेतल्यास त्यावर किती भिस्त ठेवावी, ह्याचा विचार आम्ही येथें मांडीत आहों.

आमचें हें लिहिणें मुख्यत्वें जुन्नर, आंबेगांव, शिरूर, पारनेर, संगमनेर व अकोले ह्या तालुक्यांतील शेतकरी बंधूंस उद्देशून आहे. पाटाच्या पाण्याबरोबर ह्या मुलखांत ऊंस आला आणि उंसाच्या आडोशास बिबट्या येऊन राहिला. माद्या उंसांतच पिलें घालतात, हें तोडणीच्या दिवसांत अनेकांच्या दृष्टीस पडतें. अकोले तालुक्यांत बिबट्यांच्या विष्ठेचें परीक्षण करून केलेला एक अभ्यास २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. बिबट्यांनीं खाल्लेल्या भक्ष्याच्या एकूण वजनापैकीं सुमारें ३९ टक्के वांटा एकट्या कुत्र्यांचा होता, असें त्यांत आढळलें. शेळ्यांचा वांटा त्याहून पुष्कळच कमी होता. म्हणजे ह्या भागांत बिबट्याचें मुख्य अन्न आपल्या दारांतील कुत्रा हेंच होय.

कुत्रा नाहींसा झाला म्हणजे बहुधा चारांपैकीं एक गोष्ट घडलेली असते. तो माजावर आलेल्या कुत्रीमागें भटकला असेल, वाहनाखालीं जखमी होऊन पडला असेल, कठडा नसलेल्या विहिरींत पडला असेल, किंवा बिबट्यानें नेला असेल. पहिल्या तीन प्रसंगीं ठिकाण वेळेवर कळल्यास कुत्रा हातीं लागूं शकतो. चौथ्या प्रसंगीं ठिकाण कळूनहि बहुधा उपयोग होत नाहीं. हा भेद ध्यानांत धरल्यास पट्ट्याची खरी किंमत आपोआप ठरते.

ह्या मुलखास जीपीएसचा पट्टा अगदींच अपरिचित नाहीं. फरक इतकाच कीं, तो प्रथम कुत्र्याच्या नव्हे तर बिबट्याच्या गळ्यांत गाजला. २००९ सालीं पारनेर तालुक्यांतील टाकळी ढोकेश्वर येथें विहिरींत पडलेला एक नर बिबट्या वनखात्यानें बाहेर काढला. वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय ह्यांनीं खात्याच्या सहकार्यानें त्यास असा पट्टा बांधला, व त्यास माळशेज घाटांत सोडण्यांत आलें. ‘आजोबा’ ह्या नांवानें तो पुढें प्रसिद्ध झाला. शेतांतून, वस्त्यांजवळून, हमरस्ता व लोहमार्ग ओलांडीत सुमारें १२० किलोमीटरांची मजल मारून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूस पोंचला. त्याचा हा मार्ग पट्ट्यामुळेंच कळला. परंतु २०११ सालीं मुंबईजवळ वाहनाची धडक बसून तो मेला. त्या वेळीं त्याची ओळख कातडीखालीं बसविलेल्या मायक्रोचिपवरून पटली. पट्टा मार्ग दाखवितो आणि चिप ओळख पटविते. परंतु दोहोंपैकीं एकहि येणारें संकट अडवीत नाहीं, हा धडा त्यांतून घेण्याजोगा आहे.

आतां यंत्राची रीत पाहूं. पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह वेळेचा इशारा सतत पाठवीत असतात. पट्ट्यांतील यंत्र निदान चार उपग्रहांचे इशारे ऐकतें, ते पोंचण्यास किती वेळ लागला ह्यावरून अंतरें काढतें, व त्या अंतरांवरून आपली जागा ठरवितें. मोजणीदार कायम खुणांपासून अंतरें घेऊन हरवलेली खूण पुन्हां कायम करतो, त्यांतलाच हा प्रकार. उपग्रह कुत्र्यास पाहात नाहींत व तो कोठें आहे हें त्यांस ठाऊकहि नसतें. जागा काढतो तो पट्टा, आणि ती धन्याच्या मोबाईलवर पोंचविणें हें दुसरें काम होय. बहुतेक पट्टे हें काम आंत बसविलेल्या सिमकार्डाच्या द्वारें करतात. म्हणून आकाश मोकळें असूनहि जेथें मोबाईलची लहर पोंचत नाहीं, तेथें पट्टा मुका होतो. जेथें पट्ट्यापासून धन्याच्या हातांतील यंत्राकडे रेडिओलहरींनीं थेट निरोप जातो अशीहि जात आहे, परंतु ती महाग पडते. बाजारांत स्वस्त मिळणाऱ्या ब्लूटूथच्या चकत्या मात्र निराळ्या. जवळून जाणाऱ्या लोकांच्या मोबाईलवांचून त्यांचा निरोप दूर जात नाहीं; तेव्हां रानांत त्यांचा भरवसा धरूं नये.

खरेदीपूर्वीं आपल्या शिवारांत कोणत्या कंपनीची लहर पोंचते हें पाहावें, व पट्ट्यांतील सिम त्याच कंपनीचें चालतें कीं नाहीं हें विचारावें. सिमचें वर्गणीचें पैसे मुदतींत भरावे लागतात. सारा थकला तर तगादा येतो, येथें मात्र तगादा न येतां पट्टाच बंद पडतो. पावसाळ्यासाठीं ‘आयपी ६७’ अशी खूण पाहून घ्यावी. एक मीटर पाण्यांत अर्धा तास यंत्र टिकावें, असा तिचा अर्थ आहे.

पट्टा आणल्यावर तो प्रथम कुत्र्यास बांधूं नये. शंकुसाखळी शेतांत नेण्यापूर्वीं तिची लांबी तपासून घेण्याची मोजणीदारांची चाल असे. तीच येथें उपयोगी पडते. पट्टा एक दिवस बांधाच्या दगडावर, एक दिवस आंब्याखालीं, एक दिवस उंसाच्या सरींत व एक दिवस पत्र्याच्या गोठ्यांत ठेवावा, आणि मोबाईलवरील बिंदू खऱ्या जागेपासून किती दूर पडतो हें लिहून ठेवावें. मोकळ्यावर फरक कांहीं मीटरांचाच येईल. झाडाखालीं व पत्र्याखालीं तो वाढेल. म्हणूनच मोबाईलवर आंखलेली चतुःसीमा, जी ओलांडतांच इशारा येतो ती, घराच्या अंगणापुरती आंखूं नये. नाहींतर कुत्रा निजलेला असतांनाहि इशारे येत राहतील, आणि खऱ्या वेळीं कोणी लक्ष देणार नाहीं. शिवाय ह्या कुंपणास कांटे नाहींत, हेंहि विसरूं नये.

बिंदूपेक्षां बिंदूशेजारील वेळ महत्त्वाची आहे. लहर तुटली म्हणजे मोबाईल शेवटची ठाऊक जागा दाखवीत राहतो, आणि उतावळा मनुष्य तीच आतांची जागा समजून धांवतो. तारखेवांचून नोंद जशी निरुपयोगी, तसाच वेळेवांचून बिंदू. बॅटरीचेंहि गणित असेंच आहे. क्षणाक्षणास जागा मागितल्यास ती लौकर संपते. कांहीं मिनिटांच्या अंतरानें मागितल्यास पुष्कळ टिकते. नित्याच्या दिवशीं अंतर मोठें ठेवावें, शोधाच्या वेळींच कमी करावें.

पट्टा बांधतांना मानेशीं दोन बोटें शिरतील इतकी जागा ठेवावी. आठवड्यांतून एकदां तो काढून खालील कातडी, ओल व गोचिडी पाहाव्या. वाढत्या पिलाच्या मानेंत पट्टा रुतूं देऊं नये.

आतां जें सांगण्यासाठीं आम्ही हें लिहिण्यास घेतलें, तें सांगतों. रात्रीं कुत्रा परतला नाहीं, मोबाईलवर बिंदू उंसांत स्थिर दिसतो आहे, अशा वेळीं कंदील व काठी घेऊन एकट्यानें उंसांत शिरण्याचा मोह होईल. पूर्वीं ठिकाण ठाऊक नसल्यामुळें मनुष्य सकाळपर्यंत थांबत असे. आतां ठिकाण कळतें म्हणून तो थांबणार नाहीं. स्थिर बिंदूपाशीं भक्ष्यावर बसलेला बिबट्या किंवा पिलें जपणारी मादी असूं शकते. म्हणून अंधारांत कोणीहि उंसांत जाऊं नये, मुलांस तर मुळींच पाठवूं नये. बांधावरूनच मोठ्यानें हांक मारावी. बिंदू हलतो कीं काय तें पाहावें. संशय आल्यास वनखात्याच्या १९२६ ह्या क्रमांकावर कळवावें. आणि उजाडल्यावर चारचौघांनीं मिळून, आवाज करीत जावें. कुत्रा वांचविण्यासाठीं घेतलेल्या पट्ट्यापायीं घरचा कर्ता पुरुष दुखावला गेला, तर तो पट्टा नव्हे, फांस ठरेल.

खरें रक्षण पट्ट्याच्या आधीं होतें. बिबट्या गळा धरतो. म्हणूनच हिमालयांतील मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यांत लोखंडी खिळ्यांचा पट्टा घालतात. उघड्यावर साखळीनें बांधलेल्या कुत्र्यास तर पळणेंहि शक्य नसतें. चारी बाजूंस मजबूत जाळी व वर पक्कें छप्पर असलेली लहानशी खोली रात्रीपुरती केली, तर कुत्रा आंत सुरक्षित राहतो. आणि आंतूनहि तो भुंकतो व धन्यास जागें करतो, म्हणजे राखण बुडत नाहीं. विहिरीस कठडा घालावा. पिसाळ रोगाची लस दरवर्षीं टोंचून घ्यावी. हें सर्व झाल्यावर हातीं पैसा असेल तर पट्टा जरूर घ्यावा. आणि देशावरून कोंकणांत मेंढरें घेऊन उतरणाऱ्या धनगर बंधूंनीं, कळपाबरोबर दूर फिरणाऱ्या एका तरी कुत्र्यास तो बांधून पाहावा. परंतु आधीं खोली, कठडा व लस, मग पट्टा, हा क्रम कोणीं उलटा करूं नये, इतकेंच आमचें आग्रहाचें सांगणें आहे.