ल्युटेशियम-१७७ डोटाटेट

ल्युटेशियम-१७७ डोटाटेट हे ल्युटेशियम या लॅन्थॅनाइड मूलद्रव्याच्या किरणोत्सारी समस्थानिकापासून तयार केले जाणारे औषधी संयुग आहे. ते न्यूरोएंडोक्राइन अर्बुदांच्या उपचारात वापरले जाते. अमेरिकेत या औषधाला २०१८ मध्ये मान्यता मिळाली.

रचना

डोटा या रेणूच्या वलयात चार नायट्रोजन अणू असून त्यांना कार्बोक्सिलिक आम्लाच्या चार भुजा जोडलेल्या असतात. एका भुजेला आठ अमिनो आम्लांचे पेप्टाइड जोडलेले असते. हे पेप्टाइड अर्बुदपेशींवरील सोमॅटोस्टॅटिन ग्राहींना चिकटते. ल्युटेशियमचा आयन नायट्रोजन व ऑक्सिजन अणूंनी धरून ठेवलेला असतो. धातू व कार्बन यांच्यात थेट बंध नसल्याने हे कार्बनी धातू संयुग नसून समन्वय संयुग आहे. प्रोमेथियम सायक्लोपेंटाडाइनाइड हे किरणोत्सारी लॅन्थॅनाइडचे कार्बनी धातू संयुग होय. मात्र लॅन्थॅनाइड व कार्बन यांच्यातील असे बंध पाण्याच्या संपर्कात तुटतात, त्यामुळे अशी संयुगे रक्तात टिकू शकत नाहीत.

निर्मिती

नैसर्गिक ल्युटेशियममध्ये ल्युटेशियम-१७६ केवळ सुमारे २.६ टक्के असते. त्याचे प्रमाण वाढवलेल्या नमुन्यावर अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा करून ल्युटेशियम-१७७ मिळवतात. भारतात मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीत त्याचे उत्पादन झाले आहे. नंतर सौम्य आम्लधर्मी द्रावणात ते डोटाटेटसह तापवले जाते. द्रावणात लोह, तांबे किंवा जस्त अंशमात्र असले तरी ते डोटामधील जागा अडवतात. म्हणून अभिक्रियाकारकांची शुद्धता महत्त्वाची असते.

स्थैर्याचे महत्त्व

संयुगातून सुटलेला ल्युटेशियम आयन हाडांत साठतो व अस्थिमज्जेला किरणोत्साराचा धोका पोहोचवतो. त्यामुळे औषध परिणामकारक व सुरक्षित राहणे हे डोटाच्या पकडीवर अवलंबून असते. ल्युटेशियम-१७७ मधून निघणारे बीटा कण ऊतींत जास्तीत जास्त सुमारे २ मिलिमीटर अंतर जातात. सोबतच्या गॅमा किरणांमुळे औषध शरीरात कोठे पोहोचले याचे चित्रण करता येते.

अर्धायुष्य व वाहतूक

ल्युटेशियम-१७७ चे अर्धायुष्य सुमारे ६.६५ दिवस आहे. एका दिवसात त्याची किरणोत्सारिता सुमारे १० टक्क्यांनी घटते. मुंबईहून लातूर किंवा नांदेडपर्यंतचा रस्त्याचा प्रवास एका दिवसाच्या आत होत असल्याने एवढ्या अंतरावर पाठवतानाही बहुतांश किरणोत्सारिता शिल्लक राहते. मात्र असे औषध केवळ अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी असलेल्या अणुवैद्यक विभागातच वापरता येते.