मैदानावरून निर्णयाच्या खुर्चीकडे

पावसाळा सरत आला की राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची लगबग सुरू होते. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे संघ तयारीला लागतात. पुढे निवड चाचण्या होतात, विद्यापीठाचा संघ जाहीर होतो आणि पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी तो रवाना होतो. निकाल वृत्तपत्रांत छापून येतात, विजयी खेळाडूंची छायाचित्रे झळकतात. मुलींच्या संघाला सरावासाठी मैदान किती वाजता मिळाले, प्रवासखर्च किती मंजूर झाला, संघासोबत महिला व्यवस्थापक गेली की नाही, हे मात्र सहसा कुठे छापून येत नाही. खेळाडूचे भवितव्य बऱ्याचदा याच गोष्टींवर ठरते आणि त्यांचा निर्णय मैदानावर नव्हे, तर कार्यालयात होतो. म्हणूनच महिला प्रशिक्षक त्या कार्यालयापर्यंत कशी पोहोचते आणि पोहोचल्यावर तिथे टिकते का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

एका पदात दोन भूमिका

भारतीय महाविद्यालयात प्रशिक्षक आणि प्रशासक या दोन भूमिका बहुधा एकाच व्यक्तीकडे असतात. शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक हे ते पद. सकाळी शिट्टी घेऊन मैदानात उभे राहायचे आणि दुपारी खेळाडूंचे पात्रता अर्ज, प्रवासभत्त्याची देयके व साहित्यखरेदीची दरपत्रके पाहायची, असा हा दिनक्रम. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीनुसार या पदासाठी शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवीबरोबरच शारीरिक क्षमतेची चाचणीही द्यावी लागते. तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवारासाठी १२ मिनिटांत १,८०० मीटर, तर महिला उमेदवारासाठी ८ मिनिटांत १,००० मीटर अंतर पार करणे हा त्यातील निकष आहे.

त्याच्या वरची पायरी विद्यापीठाची. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ने प्रत्येक विद्यापीठात क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळाची तरतूद केली आहे. स्पर्धांचे वेळापत्रक, संघांची निवड आणि निधीचे वाटप यांची सूत्रे विद्यापीठ स्तरावर असतात. महाविद्यालयाच्या मैदानापासून या मंडळापर्यंतची वाट कागदावर स्त्री-पुरुष दोघांनाही सारखीच खुली आहे. ती प्रत्यक्षात किती खुली राहते, याचा पन्नास वर्षांचा तपशीलवार अनुभव अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या गाठीशी आहे आणि तो येथेही उपयोगी पडावा असा आहे.

आयोवातील सुरुवात

आयोवा हे अमेरिकेच्या मध्यभागातील शेतीप्रधान राज्य. मका आणि सोयाबीन ही तेथील प्रमुख पिके. विदर्भातील वाचकाला सोयाबीनची नवलाई नाही. नवलाई आहे ती तेथील विद्यापीठाच्या क्रीडाविभागाची. १९७३ मध्ये या विद्यापीठाने महिलांच्या खेळांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला आणि त्याची सूत्रे क्रिस्टीन ग्रँट यांच्याकडे सोपवली.

ग्रँट मूळच्या स्कॉटलंडच्या. त्यांचा जन्म १९३६चा. शारीरिक शिक्षणाचे प्रशिक्षण घेऊन त्यांनी मायदेशी अध्यापन केले. १९६१ मध्ये त्या कॅनडात गेल्या आणि तेथे महिला हॉकीच्या प्रशिक्षक म्हणून नावारूपाला आल्या. पुढे उच्च शिक्षणासाठी आयोवात आल्या आणि तिथल्याच झाल्या. मैदानावर घडलेली ही स्त्री पुढची २७ वर्षे, म्हणजे २००० सालापर्यंत, विद्यापीठाच्या महिला क्रीडाविभागाची प्रमुख होती.

त्यांच्या नियुक्तीच्या आदल्याच वर्षी, २३ जून १९७२ रोजी, अमेरिकेत ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला होता. सरकारी साह्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगाच्या आधारे भेदभाव करता येणार नाही, एवढेच तो सांगतो. खेळ हा शब्दही त्याच्या मूळ कलमात नाही. परंतु शिष्यवृत्त्या, मैदाने, प्रशिक्षक, प्रवास असे सारेच त्याच्या कक्षेत आले आणि महाविद्यालयीन खेळांचे चित्र पालटले. त्या सुमारास तेथील महाविद्यालयीन महिला खेळाडूंची संख्या जेमतेम ३० हजारांच्या घरात होती. पुढील पन्नास वर्षांत ती दोन लाखांच्या वर गेली.

कायद्याने दार उघडले, तरी आत काय मांडायचे हे प्रशासकालाच ठरवावे लागते. ग्रँट यांचा एक निर्णय त्या दृष्टीने बोलका आहे. १९८३ मध्ये त्यांनी बास्केटबॉल संघासाठी व्हिव्हियन स्ट्रिंगर या कृष्णवर्णीय प्रशिक्षिकेला आयोवात आणले. दोनच वर्षांनी, ३ फेब्रुवारी १९८५ रोजी, ओहायो स्टेट विद्यापीठाविरुद्धचा सामना पाहण्यासाठी २२,१५७ प्रेक्षक लोटले. सभागृहाची क्षमता साडेपंधरा हजारांच्या आसपास होती. महिलांचे सामने कोणी पाहत नाही, म्हणून त्यांच्यावर खर्च कशाला, या युक्तिवादाला मिळालेले ते उत्तर होते. १९९३ मध्ये हाच संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चारांत पोहोचला.

संधी वाढली, सत्ता घटली

या यशाला दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतील महिला महाविद्यालयीन खेळांची स्वतःची राष्ट्रीय संघटना १९७१ मध्ये स्थापन झाली होती. तिचा कारभार महिलाच चालवीत आणि बहराच्या काळात ९०० हून अधिक महाविद्यालये तिची सदस्य होती. १९८०-८१ मध्ये ग्रँट तिच्या अध्यक्ष होत्या. नेमक्या त्याच काळात पुरुषांच्या खेळांचे नियमन करणाऱ्या बलाढ्य संघटनेने महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा आपल्या छत्राखाली घेण्याचे ठरवले. तिच्याकडे पैसा होता, दूरचित्रवाणीचे करार होते आणि संघांचा प्रवासखर्च उचलण्याची तयारी होती. महाविद्यालये एकेक करून तिकडे वळली. महिलांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली, पण तेथेही तिला अपयश आले. १९८२ मध्ये तिचे कामकाज थांबले.

त्यानंतर जे घडले, त्याची नोंद ब्रुकलिन कॉलेजच्या व्हिव्हियन अकोस्टा आणि लिंडा कार्पेंटर या दोन प्राध्यापिकांनी अनेक वर्षे चिकाटीने ठेवली. १९७२ मध्ये महिला संघांच्या प्रशिक्षकांपैकी ९० टक्क्यांहून अधिक महिला होत्या. २०१४ मध्ये हे प्रमाण ४३.४ टक्क्यांवर आले. महिलांच्या क्रीडाविभागांचे नेतृत्वही पूर्वी ९० टक्क्यांहून अधिक ठिकाणी महिलांकडेच होते. २०१४ मध्ये क्रीडासंचालकांत महिला अवघ्या २२.३ टक्के उरल्या. मैदानावर मुली वाढत असताना खुर्चीवरच्या स्त्रिया घटत गेल्या.

याची कारणे गूढ नाहीत. कायद्यामुळे महिला संघांसाठी पैसा आला आणि प्रशिक्षकपदाचे वेतन वाढले, तसे पुरुष उमेदवारही त्याकडे वळले. पुरुष व महिला विभाग एकत्र झाले, तेव्हा एकच प्रमुख नेमायचा होता. ते पद बहुतेक ठिकाणी पुरुष विभागाच्या प्रमुखाला मिळाले आणि महिला विभागाची प्रमुख त्याची सहायक झाली. नव्या नेमणुका करणारे पुरुष असल्याने त्यांच्या परिचयाचे वर्तुळही पुरुषांचेच राहिले. शिवाय पुरुषांच्या मोठ्या, पैसा मिळवून देणाऱ्या खेळांचा अनुभव ही जणू अलिखित अट होऊन बसली. हा अनुभव मिळवण्याची संधी महिलांना क्वचितच दिली जात असे.

आयोवाही त्याला अपवाद ठरले नाही. २००० मध्ये ग्रँट निवृत्त झाल्या आणि दोन्ही विभाग एका पुरुष संचालकाच्या हाताखाली एकत्र करण्यात आले. पुढे याच विद्यापीठातील एका ज्येष्ठ महिला क्रीडा अधिकाऱ्याने भेदभावाच्या तक्रारीवरून दावा दाखल केला. २०१७ मध्ये ज्युरीने तिच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर हे प्रकरण आणि हॉकी संघाच्या बडतर्फ महिला प्रशिक्षकाचे प्रकरण मिळून विद्यापीठाने ६५ लाख डॉलरची तडजोड केली. विद्यापीठाच्या हॉकी मैदानाला ग्रँट यांचे नाव होते. त्याच मैदानावरच्या संघातून हा वाद उभा राहिला होता.

पन्नास वर्षांनंतर

ग्रँट यांचे ३१ डिसेंबर २०२१ रोजी निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांतच आयोवात दोन घटना घडल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये महिला बास्केटबॉलचा एक प्रदर्शनीय सामना फुटबॉलच्या स्टेडियमवर खेळवला गेला आणि त्याला ५५,६४६ प्रेक्षक आले. केटलिन क्लार्क ही त्या संघाची तारका. २०२४च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात तिचा संघ हरला, पण तो सामना सरासरी १ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला. त्याच वर्षीच्या पुरुषांच्या अंतिम सामन्याचा प्रेक्षकवर्ग दीड कोटीच्या आत राहिला. महिलांनी पुरुषांना या बाबतीत मागे टाकण्याची ही पहिलीच वेळ होती.

दुसरी घटना कार्यालयातली. जानेवारी २०२४ मध्ये बेथ गेट्झ यांची विद्यापीठाच्या क्रीडासंचालकपदी नियुक्ती झाली. एकत्रित विभागाचे प्रमुखपद कायमस्वरूपी सांभाळणाऱ्या त्या पहिल्या महिला. गेट्झ यांची सुरुवातही मैदानावरचीच. एका विद्यापीठाच्या महिला फुटबॉल संघाच्या त्या अनेक वर्षे प्रशिक्षक होत्या. नंतर एकेक पायरी चढत, चार विद्यापीठांतील प्रशासनाचा अनुभव घेऊन त्या येथवर आल्या. ग्रँट यांच्या निवृत्तीपासून या नियुक्तीपर्यंत जवळपास २४ वर्षे गेली.

आपल्याकडील प्रश्न

भारतातही अशा वाटचालीचे ठळक उदाहरण आहे. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये शतांश सेकंदाने पदक हुकलेल्या पी. टी. उषा यांनी २००२ मध्ये केरळमध्ये ॲथलेटिक्सची प्रशिक्षण संस्था उभारली आणि टिंटू लुकासारखी ऑलिम्पिकपटू घडवली. डिसेंबर २०२२ मध्ये त्या भारतीय ऑलिम्पिक संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेला पहिली महिला अध्यक्ष मिळण्यास ९५ वर्षे लागली. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीला तर त्याहून अधिक काळ लागला. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या या समितीच्या अध्यक्षपदी २०२५ मध्ये झिम्बाब्वेच्या कर्स्टी कॉव्हेंट्री निवडून आल्या. अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठाच्या जलतरण संघातून त्या घडल्या होत्या.

शिखरावरची ही नावे आशादायक असली, तरी आयोवाचा अनुभव एक सावधगिरी शिकवतो. खेळणाऱ्या मुलींची संख्या वाढली की निर्णय घेणाऱ्या स्त्रियांची संख्या आपोआप वाढते, असे नाही. त्यासाठी तरुण प्रशिक्षिकेला अंदाजपत्रक, निवड समिती आणि स्पर्धा आयोजनाची जबाबदारी आरंभापासून द्यावी लागते. केवळ मुलींच्या संघासोबत प्रवासाला जाण्यासाठी तिची आठवण होत असेल, तर तिचा अनुभव तेवढाच राहतो आणि पुढे वरिष्ठ पदाच्या मुलाखतीत तीच उणीव म्हणून दाखवली जाते.

नागपूरसारख्या शंभर वर्षांचा टप्पा ओलांडलेल्या विद्यापीठाच्या परिसरात याची पडताळणी अवघड नाही. आपल्या महाविद्यालयाचा क्रीडानिधी मुला-मुलींत कसा विभागला जातो? मैदानाच्या सोयीच्या वेळा कोणाला मिळतात? निवड समितीत किती महिला आहेत आणि त्यांपैकी किती मुलांच्या संघाचीही निवड करतात? पदकांच्या यादीबरोबर महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात या चार प्रश्नांची उत्तरेही छापली गेली, तर पालक आणि विद्यार्थिनी यांना ती दरवर्षी ताडून पाहता येतील.