मजकुराची चौकट व तिचे माप

संगणकावर मजकूर लिहिण्यासाठी व दुरुस्त करण्यासाठी जी आज्ञावली वापरतात, तिला मजकूर-संपादक म्हणतात. 'जीएनयू ईमॅक्स' हा असाच एक प्रसिद्ध संपादक होय. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८४ साली त्याच्या रचनेस आरंभ केला. पडद्यावरील ज्या आयतास इतरत्र खिडकी म्हणतात, त्यास ईमॅक्समध्ये चौकट अशी संज्ञा आहे.

या चौकटीचे माप दोन प्रकारांनी घेतले जाते. संपादक अक्षरांचे स्तंभ व ओळी मोजतो. पडदा मात्र पिक्सेल, म्हणजे सूक्ष्म प्रकाशबिंदू, मोजतो. एक अक्षर ८ पिक्सेल रुंद व १६ पिक्सेल उंच आहे असे समजावे. मग ८० स्तंभ व ३६ ओळी यांस ६४० रुंद व ५७६ उंच एवढी जागा लागते. याशिवाय सरकपट्टी, कडेच्या मोकळ्या पट्ट्या, आज्ञासूची व चित्रांकित साधनपट्टी यांसही जागा द्यावी लागते.

ही उपांगे चित्रसाधनसंचांच्या साहाय्याने उभारली जातात. लिनक्सवर ईमॅक्स जीटीके, मोटिफ अथवा ल्यूसिड यांपैकी कोणत्याही संचासह सिद्ध करता येतो. जीटीकेमध्ये साधनपट्टीची मांडणी तो संचच करतो. ल्यूसिडमध्ये ती पट्टी ईमॅक्स स्वतः रेखाटतो. पट्टीची उंची कोणी मोजावयाची, हेच असे बदलत असल्यामुळे एका संचात अचूक ठरलेला हिशेब दुसऱ्यात चुकू शकतो.

चूक कशी साठत जाते ते पाहावे. ५७६ पिक्सेल उंचीच्या जागेत ४० पिक्सेलची पट्टी आणली, तर ५३६ पिक्सेल, म्हणजे साडेतेहतीस ओळी उरतात. पूर्ण ओळीच ठेवावयाच्या, तर ३३ ओळी राहतात व एकूण उंची ५६८ होते. आता पट्टी काढली, तर साडेपस्तीस, म्हणजे पूर्ण ३५ ओळी मिळतात. एका फेरीत एक ओळ नाहीशी झाली! अशा दहा फेऱ्यांत दहा ओळी जातील. २०१४ साली आलेल्या २४.४ या आवृत्तीत पिक्सेलच्या मापाने चौकट बदलण्याची सोय झाली, तिचे महत्त्व यावरून कळते.

शिवाय अंतिम निर्णय संपादकाच्या हाती नसतो. तो केवळ मागणी करतो. ती मान्य करणे वा न करणे चौकट-व्यवस्थापक नावाच्या निराळ्या आज्ञावलीकडे असते, आणि तिचे उत्तर काही क्षणांनी येते. म्हणून परीक्षकाने मागणी करताच माप घेऊ नये; उत्तराची वाट पाहावी.

परीक्षेची रीत साधी आहे. एकच मूळ आज्ञावली प्रत्येक संचासह सिद्ध करावी. चौकट उघडावी, पट्टी आणावी व काढावी, अक्षर मोठे करून पूर्ववत करावे, चौकट पडदाभर पसरून पुन्हा आवरावी. प्रत्येक वेळी मागितलेले व मिळालेले माप टिपून घ्यावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे दोषाचे मूळ निश्चित सापडते.

एका ओळीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणास वाटेल. परंतु ईमॅक्स आपले प्रश्न चौकटीच्या अगदी तळाच्या ओळीत विचारतो. ती ओळ पडद्याखाली गेली, तर लिहिलेला मजकूर जतन करावयाचा काय, हा प्रश्न लेखकास दिसतच नाही. यंत्र उत्तराची वाट पाहत राहते, आणि यंत्र बंद पडले असे समजून लेखक आपले लेखन गमावून बसतो.