‘खुशाल’ : अनुज्ञा कीं अवहेलना ?

‘आम्ही सर्व येथें खुशाल आहोंत, तुमची खुशाली कळवावी,’ हें वाक्य मराठी घरांतील पत्रांत पिढ्यान्‌पिढ्या येत गेलें. शब्द फारसींतून आला. ‘खुशहाल’ म्हणजे ज्याची स्थिति चांगली आहे तो. (त्यांतील ‘हाल’ एकटा राहिला कीं मराठींत ‘हाल झाले’ असा दुःखाचाच अर्थ होतो, हें एक नवलच!) परंतु विशेषणाची जागा सोडून हा ‘खुशाल’ क्रियाविशेषण झाला, कीं त्याच्या स्वभावाचा भरंवसा राहत नाहीं.

‘आपण खुशाल बसावें’ यांत आदर आहे. ‘खुशाल कोर्टांत जा’ यांत आव्हान आहे. तूं गेलास तरी आमचें कांहीं अडत नाहीं, हा त्यांतला भाव. आणि ‘पाहुणे जेवावयाचे खोळंबले आहेत, आणि हा खुशाल झोपला आहे’ यांत तर उघड तिरस्कार आहे. येथें ‘खुशाल’ म्हणजे सुखानें नव्हे. जनाची वा मनाची लाज न बाळगतां. म्हणूनच हा प्रयोग बहुधा दुसऱ्याविषयींच होतो. ‘मी खुशाल झोपलों’ म्हणणारा मनुष्य पश्चात्ताप तरी करीत असतो, नाहीं तर थट्टा तरी. निषेधाशीं मात्र या शब्दाचें मुळींच जुळत नाहीं. ‘खुशाल जाऊं नकोस’ असें कोणी म्हणत नाहीं. ‘खुशालचेंडू’ या शब्दांतही हाच तिरस्कार मुरलेला आहे.

हिंगोली जिल्ह्यांतील आखाडा बाळापुराकडे हा भेद अधिक मौजेचा होतो. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता आणि सरकारी कारभार उर्दूंत चाले. उर्दूंत ‘खुशहाल’ हा सुस्थितींतलाच राहिला. आव्हानाचें काम तेथें ‘शौक से’ करतो. भावांत घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकास मराठी दुकानदार ‘पावणं, खुशाल दुसरीकडं बघा’ म्हणाला, तर त्यांत कुशलचिंतन नाहीं, हें उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्यास निराळें शिकावें लागतें.

समोरासमोर आवाज अर्थ सांगतो. श्रोत्यांनीं ‘खुशाल जा’ हे शब्द एकदां सावकाश आणि एकदां झटक्यानें म्हणून पाहावे. कागदावर ही सोय नाहीं. बाळापुराचा मुलगा दूरच्या नोकरीसाठीं वडिलांची परवानगी पत्रानें मागतो आणि उत्तर येतें, ‘खुशाल जा.’ पुढें ‘इकडची काळजी करूं नकोस’ असेल तर ती अनुज्ञा. ‘आमचें व्हायचें तें होईल’ असेल तर ती अवहेलना, आणि तिच्या आड दुःखही. पुढें कांहींच नसेल, तर मुलानें सामान बांधण्यापूर्वीं आईला विचारावें. पत्र लिहितांना त्यांचा चेहरा तिनें पाहिलेला असतो.